अँजिओप्लास्टीवर मराठी माहितीपत्रिका आणि हृदयाची प्लेट: संदर्भ, तंत्र, नावं आणि छपाई कशी करावी?

काजळरेघ

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प वैद्यकीय चित्रणावर आहे. विषय अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्यानं रुंद करून आत धातूची बारीक जाळी बसवणं. हातात दहा आठवडे. तीन गोष्टी ठरवल्या आहेत. ए-३ आकाराची हृदयाची प्लेट, म्हणजे पूर्ण पानाचं चित्र, समोरून, वरच्या रक्तवाहिन्यांसह. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी ए-४ कागदाची, दोन घड्या घातलेली मराठी माहितीपत्रिका. आणि वेळ उरला तर तीस सेकंदांचं ॲनिमेशन.

अडलंय ते असं. संदर्भ कुठून घ्यावा? प्रसिद्ध वैद्यकीय चित्रकार नेटर यांची प्लेट ट्रेस करून रंग बदलले तर चालेल का? प्लेट कार्बन डस्टमध्ये (कार्बनची भुकटी कोरड्या कुंचल्यानं लावून) करावी की सरळ डिजिटल? नावं लिहिताना धमनी, रोहिणी, नस यांतलं काय घ्यावं? शिवाय इलस्ट्रेटरमध्ये मराठी मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. परीक्षणाला एक चित्रकार आणि एक डॉक्टर असे दोघंही बसणार आहेत, तेव्हा चित्र सुंदर आहे पण चुकीचं आहे, असं व्हायला नको.

महारोहिणी

ॲनिमेशन आत्ताच काढून टाक. त्याऐवजी पत्रिकेत चार टप्प्यांची चार छोटी चित्रं कर. तीच पुढे कधी हलवायची झाली तर चौकट तयार असेल.

नेटर ट्रेस करू नकोस. रंग बदलले, बाजू उलटी केली, तरी ते त्याच चित्राचं रूपांतर ठरतं. नेटर १९९१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर अजून हक्क आहेत. मोकळेपणानं वापरता येईल असं बरंच आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या पुस्तकातली १८५८ ची मूळ चित्रं आणि १९१८ ची अमेरिकन आवृत्ती हक्कमुक्त आहेत. ती चित्रं काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच १८५८ साली मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, हे परीक्षकांसमोर सांगण्यासारखं आहे. त्रिमितीसाठी झेड-ॲनाटॉमी हे शरीररचनेचं मॉडेल बघ. ते ब्लेंडर या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, हृदय हवं तसं फिरवता येतं. परवान्याची अट वाचून श्रेय दे. पण एकाच मॉडेलवरून चित्र उतरवू नकोस. मॉडेलमध्ये रक्तवाहिन्या नळीसारख्या सगळीकडे एकसारख्या जाड असतात आणि हृदयावरची चरबी काढून टाकलेली असते. खऱ्या हृदयावर या रक्तवाहिन्या चरबीत अर्ध्याअधिक बुडालेल्या असतात. चित्र खरं वाटतं की प्लास्टिकचं, ते इथेच ठरतं.

हाताळायला खरं हृदय हवं असेल तर मटणाच्या दुकानात बोकडाचं ‘दिल’ माग. ‘काळीज’ म्हणालीस तर यकृत मिळेल. वरच्या मोठ्या नळ्या कापून टाकू नका असं आधीच सांग, एरवी त्या साफ करूनच देतात. घरी आणल्यावर थंड पाण्यात धुऊन आतल्या गुठळ्या काढ, शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो घे, मग काप. समोरून खाली तिरकी गेलेली चरबीची खोबण म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधली सीमा. तिच्या दोन्ही बाजूंना, खोबणीला समांतर, अर्धा-पाऊण इंच सोडून काप दिलास की दोन्ही कप्पे उघडतात आणि मधला पडदा शाबूत राहतो. डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड दिसेल. माणसातही हेच प्रमाण धरायचं. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतं. घरी फॉर्मलिन वापरू नकोस.

मात्र बोकडावरून पोत, चमक, चरबी आणि झडपा एवढंच शिकायचं. महारोहिणीच्या (हृदयातून शरीराकडे निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या वाहिनीच्या) कमानीची रचना उचललीस तर डॉक्टर लगेच पकडतील. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत त्या कमानीतून वर एकच मोठा बुंधा निघतो आणि पुढे फुटतो. माणसात तीन स्वतंत्र फांद्या असतात.

समोरच्या दृश्यात हमखास चुकतं ते असं. समोर दिसतो तो बहुतांशी उजवा खालचा कप्पा. डावा फक्त डाव्या कडेला पट्टीसारखा दिसतो. त्यामुळे डाव्या हृद्‌रोहिणीची (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या डाव्या वाहिनीची) समोरून उतरणारी फांदी, जिला सगळे एलएडी म्हणतात, चित्राच्या मधोमध येत नाही, डाव्या कडेकडे सरकलेली असते. डावा वरचा कप्पा पाठीमागे असतो, त्याचा कानासारखा तुकडा तेवढा पुढे डोकावतो. फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी, म्हणजे फुप्फुसधमनी, महारोहिणीच्या पुढून जाते. डाव्या हृद्‌रोहिणीचा उगम तिच्यामागे लपतो, म्हणून ही हृद्‌रोहिणी महारोहिणीतून समोरच फुटताना दाखवायची नाही. रंगांतली नेहमीची चूक म्हणजे ‘धमनी म्हणजे लाल’ असं धरून फुप्फुसधमनी लाल रंगवणं. तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, ती निळी. फुप्फुसाकडून परतणाऱ्या चार शिरा लाल.

आता खुद्द प्रक्रिया. उजव्या मनगटातून जाणारी नळी हातातून, गळपट्टीच्या हाडामागून, कमानीच्या पहिल्या फांदीतून महारोहिणीत उतरते आणि महारोहिणीच्या झडपेच्या लगेच वर असलेल्या तोंडाशी थांबते. ती हृदयाच्या कप्प्यात जात नाही. कितीतरी पत्रकांत ती कप्प्यातून वळवलेली दिसते. दुसरी मोठी चूक अडथळ्याची. तो नळाच्या आत जमलेल्या गाळासारखा दाखवतात. प्रत्यक्षात चरबी आणि पेशींचा तो थर वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच वाढतो, आणि बहुतेकदा एका बाजूला जास्त असतो. फुगा फुगवल्यावर तो नाहीसा होत नाही, बाजूला दाबला जातो आणि वाहिनी ताणली जाते. शेवटच्या चित्रात जाळीबाहेर तो दबलेला थर दिसलाच पाहिजे. स्वच्छ गुलाबी नळी दाखवलीस तर रुग्ण समजतो की आजार निघून गेला, आणि गोळ्या-पथ्य सोडतो.

कोरडा_कुंचला

तंत्राबद्दल. कार्बन डस्ट मॅक्स ब्रॉडेलनं रुळवलं. १९११ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय चित्रकलेचा विभाग सुरू झाला तो त्याच्याच हाताखाली. ओल्या उतीची चमक आणि मऊ छटा एकाच चित्रात आणायला आजही यासारखं साधन नाही. पण ए-३ची अख्खी प्लेट त्यात करायला दहा आठवड्यांपैकी पाच जातील. माझं मत असं: पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा एक अभ्यास कार्बन डस्टमध्ये करा, त्यातून छटांचं गणित हातात येऊ द्या, आणि प्लेट डिजिटल करा. दोन्ही शेजारीशेजारी मांडा. शिकलेलं पुढे कसं वापरलं ते परीक्षकाला दिसतं.

कृती अशी. कार्बन पेन्सिल बारीक पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. ग्रॅफाइटची नको, ती चकाकते आणि काळा रंग राखाडीवर अडकतो. जुने लोक चुन्याचा लेप दिलेला दाणेदार बोर्ड वापरत. तो मिळाला नाही तर दोन्ही बाजूंनी मॅट असलेली ड्राफ्टिंग फिल्म घ्या, इंजिनिअरिंग स्टेशनरीच्या दुकानात मीटरवर मिळते. रेखाटन वेगळ्या कागदावर पूर्ण करा आणि फिल्मखाली ठेवा. फिल्मवर खोडाखोड करायचीच नाही. मऊ केसांचे तीन गोल कुंचले लागतात: मोठा सपाट छटेला, मधला आकाराला, बारीक कडांना. ते पूर्ण कोरडे असले पाहिजेत. आधी सगळ्या आकारावर मधली राखाडी, मग सावल्या, मग सगळ्यात गडद भाग पेन्सिलीनंच. उजेड शेवटी मळीव रबरानं उचलायचा. ओलसर चमक हवी तिथे टोकदार रबरानं एकदाच छोटा, कडक कडेचा ठिपका काढा. चमक सगळीकडे मारली की हृदय काचेचं होतं.

बिघडतं कशानं? बोटांच्या तेलानं. हात टेकला तिथे भुकटी चिकटते आणि डाग निघत नाही, म्हणून हाताखाली कागद हवाच. पावसाळ्यात भुकटी दमट होऊन गोळे धरते, ती झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, लांबून, पातळ, दोन-तीन हात. जवळून मारला तर छटा एक पायरी गडद होतात. त्याआधी सहाशे डीपीआयला स्कॅन करून घ्या.

उजेड वर-डावीकडून. ही या क्षेत्रातली जुनी रूढी आहे, तोडू नका. उजेड खालून आला की फुगीर भाग खोलगट दिसतो. सावलीच्या बाजूला अगदी कडेशी परावर्तित उजेडाची फिकट पट्टी सोडा. गोलाई त्या पट्टीनंच येते.

डिजिटलमध्ये हाच क्रम थरांत ठेवा. रेषा, मूळ रंग, आकाराची सावली, पडलेली सावली, परावर्तित उजेड, चमक. क्रिता हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. रक्तवाहिन्यांचा थर पूर्ण वेगळा ठेवा, कारण तोच पत्रिकेत पुन्हा लागणार आहे.

मापं आधी ठरवा. प्रौढ हृदयाची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. ते दुप्पट काढलं तर २४ सेंटिमीटर, ए-३ उभ्या कागदावर नीट बसतं आणि नावांना जागा उरते. साडेतीन मिलिमीटरची वाहिनी त्यात सात मिलिमीटरची होईल. अडथळ्याच्या मोठ्या चित्राला दहापट घ्या, म्हणजे वाहिनी साडेतीन सेंटिमीटर. स्टेंटच्या जाळीची तार आज साधारण ०.०८ मिलिमीटर जाड असते, दहापटीत ०.८, म्हणजे सव्वादोन पॉइंटची रेघ. बहुतेक जण ती सहा-सात पॉइंट जाड काढतात आणि जाळी पिंजऱ्यासारखी दिसते. प्रमाण चित्राखाली लिहा.

काजळरेघ

ॲनिमेशन काढलं. माप आणि थर कळले. आता नावं आणि फॉन्ट. शाळेच्या पुस्तकात ‘दक्षिण अलिंद’ आणि ‘वाम निलय’ असं आहे. प्लेटवर आणि पत्रिकेत दोन्हीकडे तेच ठेवू का?

अक्षरपट्टी

नाही. दोन्हींचा वाचक वेगळा आहे. प्लेटवर अलिंद-निलय चालेल, पण दक्षिण-वाम नको. ‘दक्षिण’ वाचला की लोकांना दिशा आठवते. ‘उजवं अलिंद’, ‘डावं निलय’ लिहा. पत्रिकेत ‘वरचा कप्पा’ आणि ‘खालचा कप्पा’ पुरे. आणि उजवं म्हणजे रुग्णाचं उजवं, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, हे चित्राखाली लिहायला विसरू नका.

धमनी आणि रोहिणी दोन्ही बरोबर आहेत. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच. ‘नस’ टाळा. बोलण्यात नस म्हणजे शीर, चेतातंतू, स्नायूचा ताण काहीही होतं, ‘मानेची नस दबली’ म्हणणाराच ‘हार्टची नस बंद’ म्हणतो. पत्रिकेत ‘हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी’ असं एकदा पूर्ण लिहा, पुढे ‘वाहिनी’. लोक ‘फुगा’ म्हणतात तो शब्द उत्तम आहे, तसाच घ्या. ‘स्प्रिंग’ही रुळलेला आहे, पण त्यानं आत काहीतरी उडतं-दबतं असा समज होतो. ‘धातूची बारीक जाळी, जिला स्टेंट किंवा बोलीत स्प्रिंग म्हणतात’ असं एकदा सांगून पुढे ‘स्टेंट’ वापरा. रुग्णाच्या कागदांवर तोच शब्द असतो, त्याला तो ओळखता आला पाहिजे.

‘हृदय’ हा शब्द तपासा. ह ला ऋकार. ‘ह्र’ म्हणजे ह ला र जोडलेला, ते चूक आहे. हृदयावरच्या प्लेटच्या शीर्षकातच ही चूक छापलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं.

मजकूर फुटतो त्याचं कारण फॉन्ट नाही, सेटिंग आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. जुन्या फायलीतून चिकटवलेल्या मजकुराला जुनाच कंपोझर चिकटून येतो, त्यामुळे सगळं निवडून परत लावा. पॅराग्राफ स्टाइलमध्येच ठेवलंत तर पुन्हा डोकेदुखी नाही. फुकट साधन हवं असेल तर स्क्रायबस १.६ देवनागरी नीट जुळवतं. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे त्यानं ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये मराठी वळण मुळातच आहे, पण त्याचं वजन (अक्षराची जाडी) एकच, म्हणून तो शीर्षकाला. नावांना आणि मजकुराला ‘मुक्त’ घ्या, मुंबईच्या एक टाइपचा, सात वजनांत फुकट मिळतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मुख्य-गौण फरक वजन आणि आकारातूनच दाखवायचा असतो.

पत्रिकेचा वाचक साठीच्या आसपासचा, बऱ्याचदा चष्मा घरी विसरलेला. मजकूर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर २१. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, इंग्रजीच्या हिशेबानं १७ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालचा रफार एकमेकांवर बसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

आता नावांच्या रेघा, म्हणजे चित्रातल्या भागापासून नावापर्यंत जाणाऱ्या. इंग्रजी प्लेटमधून आपण त्या जशाच्या तशा उचलतो आणि फसतो. रेघ नावाच्या शिरोरेषेच्या उंचीवर येऊन टेकली की ती शिरोरेषेचाच भाग वाटते आणि शब्द वाचता येत नाही. रेघ अक्षराच्या मध्यावर आणा आणि शब्दाच्या दोन मिलिमीटर आधी थांबवा. जाडी अर्धा पॉइंट, गडद भागावरून जाताना खाली पांढरी दीड पॉइंटची रेघ. रेघा एकमेकींना छेदायच्या नाहीत, आणि रक्तवाहिनीला समांतर पळवायच्या नाहीत, ती आणखी एक फांदी वाटते. कार्टरनं नावं भागावरच लिहिली होती आणि विद्यार्थ्यांना त्याचा मोठा फायदा झाला. तुमच्या प्लेटमध्ये कप्प्यांवर तसं लिहिता येईल. सात मिलिमीटरच्या वाहिनीवर मात्रांसकट देवनागरी मावणार नाही, तिथे रेघच.

चौरंगी_छपाई

छपाईचं थोडक्यात. ए-३ला तीनशे डीपीआय म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, वर चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. नावं आणि रेघा पिक्सेलमध्ये मिसळू नका, व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) ठेवा. काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के. चारही रंगांतला काळा घेतला तर छपाईयंत्रातली प्लेट केसभर सरकली तरी मात्रांभोवती रंगीत झालर दिसते, आणि बारीक देवनागरीत ते फार लवकर दिसतं.

पडद्यावरचा झगझगीत लाल कागदावर येत नाही. सुरुवातीपासून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, नजरेसमोर ठेवा. रक्तवाहिनीसाठी मॅजेंटा शंभर, पिवळा नव्वद, सायन पंधरा इथून सुरुवात करून नमुना काढा. सावलीचा लाल काळी शाई ओतून करू नका, मळकट होतो, सायन वाढवा. एकूण शाई तीनशे टक्क्यांखाली.

पत्रिकेच्या तीन पात्या सारख्या नसतात. २९७ मिलिमीटरची वाटणी १००, १०० आणि ९७. आत दुमडणारी पाती ९७. बाहेरच्या बाजूला क्रम उलटा होतो, डावीकडे ९७ येते. हे विसरलं की घडी चित्रावर पडते. कागद १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर. चकचकीत कागदावर वॉर्डातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. १७० च्या वर गेलात तर घडीपूर्वी क्रीज मारून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

प्रेसला देताना मजकूर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करून, पीडीएफ द्या. तुमच्याकडे मजकूर बदलता येईल अशी प्रत जपून ठेवा. आउटलाइन केल्यावर प्रत्येक जोडाक्षर पुन्हा वाचा.

मूक_चित्र

एक मोठी गोष्ट कोणी काढली नाही. पत्रिका छापण्याआधी ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचायला द्या. यासाठी रुग्णालयात जाण्याची गरज नाही, आणि जायचंच असेल तर कॉलेजचं पत्र आणि तिथली लेखी परवानगी लागेल. घराजवळचे, पन्नाशीपुढचे, वैद्यकीय शिक्षण नसलेले सहा-सात जण पहिल्या फेरीला पुरतात.

आधी मजकूर झाकून फक्त चार चित्रं दाखवा. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘यात काय चाललंय ते मला सांगा’ म्हणा, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. या विषयात ठरावीक जागी गोंधळ होतो. दहापट मोठं केलेलं वर्तुळ हृदयाला आलेली गाठ वाटतं. म्हणून वर्तुळापासून मूळ जागेपर्यंत दोन फाकणाऱ्या रेघा द्या आणि मूळ जागेवरही छोटं वर्तुळ काढा. उभा छेद म्हणजे वाहिनी कापली असं वाटतं. अर्धी वाहिनी अखंड ठेवून पुढचाच भाग उघडा दाखवा. सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे नळी आणि फुग्याला वाट दाखवणारी तार आतच राहते असं वाटणं. चौथ्या चित्रात मनगट रिकामं, पट्टी बांधलेलं दाखवा, आणि वाहिनीत फक्त जाळी. बाण एकाच अर्थाला वापरा. रक्ताचा प्रवाह आणि नळीची दिशा दोन्ही एकाच बाणानं दाखवलं की गोंधळ झालाच.

चित्रांचा क्रम आकड्यांनी द्या, मोठ्या आकड्यांनी. घडी उघडताना कोणती पाती आधी दिसते ते हातात कोरा कागद दुमडून बघा. पडद्यावर ते कळत नाही.

मग मजकुरासह दुसरी फेरी, शक्यतो वेगळ्या माणसांकडे. पत्रिका बाजूला ठेवून तीन प्रश्न: आत काय राहतं, घरी गेल्यावर कोणती गोष्ट स्वतःहून बंद करायची नाही, आणि छातीत दुखलं तर काय करायचं. दुसऱ्याचं उत्तर गोळ्या. जाळीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत तिच्यावर गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगत नाहीत तोवर सोडायच्या नाहीत. याला एक स्वतंत्र, पाचवं छोटं चित्र द्या: जाळीची तार आणि तिच्यावर चढत जाणारं पातळ अस्तर. किती महिने ते मात्र छापू नका. ते रुग्णागणिक बदलतं, तिथे डॉक्टरनं पेनानं भरायची रिकामी रेघ ठेवा. त्या रेघेवर वार्निश किंवा लॅमिनेशन येऊ देऊ नका, पेन उठत नाही.

संदर्भाला कुणाची अँजिओग्राफीची चित्रं मिळाली तर कोपऱ्यातलं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख सुरुवातीलाच कापून टाका, फक्त झाकू नका. थरांच्या फाइलमध्ये झाकलेलं पुन्हा उघडता येतं. आणि पत्रिकेच्या मागच्या पातीवर तळाशी छापा: मजकूर कोणत्या महिन्यात आणि साली तपासला, तपासणाऱ्याचं पद काय. पुढच्या आवृत्तीत काय बदललं ते त्यावरूनच कळतं.